टाचेची भेग भरते आणि पुन्हा फुटते: दोष भेगेत नाही, कडेत आहे

तुळशीचं लग्न झालं की माझ्या टाचा फुटायला लागायच्या. संक्रांतीपर्यंत रक्त यायचं, होळीच्या सुमाराला भरायच्या, आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा तेच. अशी आठ-नऊ वर्षं गेली. दर वर्षी काहीतरी लावलं, त्याने बरंही वाटलं, आणि दर वर्षी भेग जुन्याच जागी उघडली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ज्या बायका शेतात, दुकानात, शाळेत दिवसभर पायावर असतात त्यांना हे दुखणं काय आहे ते सांगायला नको. गेल्या तीन थंड्यांत माझी टाच फुटलेली नाही. काय चुकत होतं आणि काय बदललं ते लिहिते.

मी शहापुरात एका साडी दुकानात काम करते. गिऱ्हाइकासमोरच्या गादीवर पांढरी चादर अंथरलेली असते, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी पायताण बाहेर काढून दिवसभर अनवाणी. फरशी गार, उभं राहणं आठ-नऊ तास. एका लग्नसराईत इरकल उलगडून दाखवताना मी पाय मागे घेतला आणि पदराचा धागा माझ्या टाचेत अडकून सर्रकन ओढला गेला. पदरावर बोटभर लांब रेघ उठली. गिऱ्हाईक बाई काही बोलल्या नाहीत, फक्त एकदा माझ्या पायाकडे बघितलं. त्या रात्री मी पहिल्यांदा टाच दिव्याखाली धरून नीट पाहिली.

भेग होती सुईच्या जाडीची. पण तिच्या दोन्ही बाजूंची कातडी पिवळट, जाड, नख मारलं तरी न दबणारी. इतकी वर्षं मी त्या फटीत औषध भरत होते आणि फट पाडणारी ती कड तशीच ठेवत होते.

टाच फुटते कशी

तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. चेहऱ्याला, हाताच्या पाठीला आतून तेल मिळतं, तळव्याला मिळतो तो फक्त घाम. त्यातून टाचेची कातडी अंगावरच्या सगळ्यात जाड कातडीपैकी. हवा कोरडी झाली की तिच्यातलं पाणी उडून जातं आणि ती ताठरते. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. पावसाळाभर भिंतींना ओल धरणारी हवा दिवाळीनंतर अशी काही कोरडी होते की ओठ आणि टाचा एकाच आठवड्यात फुटतात.

दुसरा भाग वजनाचा. टाचेच्या हाडाखाली चरबीची एक गादी असते. उभं राहून कुणाला तरी मागून बघायला सांगा, अंगाचा भार पडला की ती गादी दोन्ही बाजूंना पसरताना दिसते. वरची कातडी मऊ असेल तर ती तेवढी ताणते. ताठर असेल तर फाटते. म्हणूनच भेगा टाचेच्या मधोमध पडत नाहीत, कडेने पडतात आणि उभ्या पडतात.

भाकरी थापणाऱ्या बाईला हे एका वाक्यात कळेल. पीठ कोरडं राहिलं की भाकरीची कड फुटते. तेव्हा आपण चिरेत तूप भरत बसत नाही. पीठ परत परातीत ओढतो, पाण्याचा हात लावतो आणि मळतो. टाचेचंही तेच आहे. आधी पाणी, मग मळणं, आणि तेल सगळ्यात शेवटी, आतलं पाणी उडू नये म्हणून.

मागून उघडं पायताण यात भर घालतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे. अथणीची, निपाणीची चप्पल पायात असली की मलाही बरं वाटतं. पण त्या चपलेत, किंवा रबरी सपातेत, टाचेला मागून काही आधार नसतो आणि गादी मोकळी पसरते. सणाला, लग्नाला खुशाल घाला. भेग उघडी असताना रोजच्या उभ्या कामाला नको.

लावण्याआधी चार गोष्टी बघा

एकच पाय आहे का? थंडीच्या आणि वजनाच्या भेगा बहुतेक दोन्ही पायांना पडतात. एकाच तळव्यावर बारीक पांढरा कोंडा, रेषांमध्ये पिठी भरल्यासारखा, बोटांच्या बेचक्यात खाज, एखादं नख जाड आणि पिवळं, असं असेल तर ती बुरशी असू शकते, आणि तिला कितीही तेल चोळलं तरी ती जाणार नाही. माझे दीर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, दिवसभर जाड बूट. त्यांचा उजवा पाय फुटला तेव्हा आम्ही सगळ्यांनी थंडीवर ढकललं. एका मेडिकलवाल्याने न बघता ट्यूब दिली. आठ दिवसांत खाज थांबली, सगळे खूश. महिन्याभरात तोच कोंडा घोट्यापर्यंत चढला. ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही होतं. स्टेरॉइडने खाज दबते, वरवर लाली जाते आणि खाली बुरशी पसरत राहते. शेवटी चर्मरोगाच्या डॉक्टरांनी कातडीचा थोडा कीस काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि बुरशीचंच औषध काही आठवडे दिलं, तेव्हा ते बरं झालं. चिठ्ठीशिवाय ट्यूब घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तळहातही तसेच फुटतायत का? कोपर, गुडघ्यावर चंदेरी पापुद्रे आहेत का? मग सोरायसिस किंवा इसब असू शकतं, ते घरी सोडवायचं काम नाही. वजन वाढतंय, केस गळतायत, थंडी सोसत नाही आणि सगळंच अंग कोरडं पडलंय, असं असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

भेगेतून पू, भोवती लाली, पाय गरम, ताप, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचू नका, दवाखाना गाठा.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भेग दुखते का? खानापूरकडे माहेरी गेले होते तेव्हा सकाळी स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत फरशीवर लाल ठिपके दिसले, साधारण दोन-दोन फुटांवर एक. बाबांच्या टाचेतून रक्त येत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता. "दुखत नाही बघ काही," असं ते अगदी समाधानाने म्हणाले. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर साखर भरमसाट. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे दुखत नाही, घामही कमी होतो, म्हणून कातडी अधिक कोरडी, आणि झालेली जखम भरायला वेळ लागतो. न दुखणारी भेग ही चांगली बातमी नसते. तिशीपुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतात, घरातल्या सगळ्यांना एकदा घेऊन जा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी खाली लिहिलेलं पाय भिजवणं, वजरीने घासणं करू नये. रोज तळवे आरशात बघावेत, मलम लावावं, बोटांच्या मध्ये मात्र लावू नये, आणि कड काढायचं काम डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

मी काय काय करून बघितलं

वडाचा चीक भरला. तो वाळून टणक होतो, चालताना दुखणं थोडं कमी वाटतं, पण एक ताठर कड होती तिथे तीन झाल्या. मेण वितळवून ओतलं, एकदा पोळलं. राळेचं मलम भेग मिटवायला चांगलं, त्याला नावं ठेवणार नाही, पण नुसतं तेच लावून थांबले तेव्हा महिन्यात भेग परत आली. लिंबू आणि सोडा उघड्या भेगेवर लावला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. निपाणी भागात भेगेत तंबाखूची पूड दाबणारे आहेत, कृपा करून ते करू नका. झटपट चिकटवायचा गोंद भरणारेही पाहिलेत, त्याने आतली घाण आतच अडकते. आणि ब्लेड! न्हाणीत बसून ब्लेडने कड तासणारी माणसं घरोघरी आहेत. ब्लेड एक केसभर खोल गेलं तरी नवी भेग तुम्हीच पाडता.

जे लागू पडलं

रात्री दूध तापवून कोमट व्हायला ठेवते, विरजण लावायचं असतं. त्याच वेळी बादलीत पाणी घेते. विरजणाला दूध जेवढं कोमट लागतं, तेवढंच पाणी कोमट. बोट सहज ठेवता आलं पाहिजे. बंबाचं कढत पाणी पायावर घेतलं की बरं वाटतं हे मलाही माहीत आहे, पण कढत पाणी आणि कपड्याचा साबण कातडीतला उरलासुरला ओलावाही धुऊन नेतात. पाण्यात काही घालायची गरज नाही. दहा मिनिटं, फार तर पंधरा. त्याहून जास्त भिजवलं तर कातडी पांढरी, लुसलुशीत होते आणि घासताना सोलली जाते.

मग वजरी. जत्रेत मिळते ती खडबडीत भाजलेली चालेल, फार टोकदार धातूची नको. एकाच दिशेने, हलक्या हाताने, टाचेला मिनिटभर. भेगेवर नाही, भेगेच्या दोन्ही कडांवर. रक्त येत असेल तर त्या आठवड्यात वजरी अजिबात नको, नुसतं भिजवणं आणि लावणं. एका रात्रीत सगळी जाड कातडी काढायचा मोह होतो. मी पहिल्या दिवशी तोच केला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात टाच टेकवता येईना. रोज पापुद्र्याएवढंच गेलं पाहिजे. वजरी धुऊन वाळवायची, आणि ती ज्याची त्याची वेगळी ठेवायची.

आता खरी मेख. पाय पुसला आणि तेल लावायचं नंतर म्हणून दूध बघायला उठलं, की सगळं वाया. पंचाने टिपायचं, चोळायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावून टाकायचं. तेल म्हणजे झाकण. कोरड्या पातेल्यावर झाकण ठेवून आत पाणी येत नाही. मी आठ-नऊ वर्षं कोरड्या टाचेवर तेल चोळत होते, त्यातून टाच चकाकायची फक्त.

काय लावायचं? साधी पेट्रोलियम जेली उत्तम आहे आणि स्वस्त आहे. कड जाड असेल तर मेडिकलमध्ये १० टक्के युरियाचं क्रीम मागा, फारच जाड असेल तर २० ते २५ टक्क्यांचं. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैल करतो. उघड्या भेगेवर चुरचुरतो, म्हणून भेग मिटेपर्यंत तो कडेलाच. आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या दचकल्याच. "युरिया? भाताला टाकतात त्यो? पायाला लावायचा व्हय गं?" त्यांची शंका रास्त होती. पोत्यातला खताचा युरिया पाण्यात कालवून लावायचा विचारही करू नका, ते औषध नव्हे.

आत्यांनी स्वतःसाठी कोकमाचं तेल निवडलं. गोव्याकडची माणसं त्याला भिरंडेल म्हणतात, आमची कन्नड शेजारीण मुरगल तुप्पा म्हणते. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी काढतात आणि तिचे गोळे करतात. ते तुपासारखं मऊ नसतं, साबणाच्या वडीसारखं टणक असतं, अंगाच्या उबेने सावकाश विरघळतं. म्हणूनच ते टाचेवर टिकतं, खोबरेल तासाभरात चादरीला लागून जातं. पळीत कढवून भेगेत ओतायची जुनी पद्धत आहे, त्यात पोळतं. गोळा हातात चोळून मऊ करा आणि तेच लावा.

वरून सुती मोजे. मोजे घालायच्या आधी उठू नका, तेलकट तळव्याने न्हाणीच्या फरशीवर पाय सटकला तर टाचेचं राहील बाजूला.

माझी भेग नवव्या दिवशी मिटली. कड मऊ व्हायला पाच आठवडे लागले.

भेग मिटली, आता बंद करू का?

इथेच सगळे चुकतात, मीही चुकत होते. आत्या म्हणाल्या, "भरली की आता. कशाला रोज चोळत बसतीस?" भेग मिटते ती वरून. दोन्ही बाजूंची जाड कातडी अजून तशीच असते आणि तिच्यामध्ये नवी, पातळ, कोवळी कातडी. थोडा ताण आला की फाटणार ती तीच. तळव्याची जाड कातडी पूर्ण नवी यायला महिन्याहून जास्त लागतो. म्हणून पहिले दोन आठवडे रोज, मग महिनाभर एक दिवसाआड, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यातही. नवरात्र संपलं की मी पुन्हा रोज सुरू करते, टाच फुटण्याची वाट बघत नाही. घट बसतात तेव्हाच मोजे धुऊन काढून ठेवते.

दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न दुकानात होता. मालकांना विचारून आम्ही गादीवर सुती मोजे घालायला लागलो. विचारायला मला दोन महिने लाज वाटली आणि ते अर्ध्या मिनिटात "घाला की" म्हणाले. घरात गार फरशीवर अनवाणी चालणं सोडलं, देवघरापुरतं काढते.

आत्यांचं अवघड होतं. येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झालं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा पडतो, रानात भाताचे खुंट उभे असतात, आणि कोरडी होत जाणारी माती पायातला ओलावा ओढून घेते. तिथे त्या जुने मोजे आणि मागून बंद असलेले प्लास्टिकचे बूट घालतात. सकाळी रानात जायच्या आधी जेली, रात्री कोकम. पहिल्या थंडीत त्यांच्या भेगा गेल्या नाहीत, पण रक्त आलं नाही. दुसऱ्या थंडीत डाव्या पायाला एकच राहिली. साठ वर्षांची जाड कातडी आहे, तिला वेळ द्यावा लागतो. शेणामातीत काम आहे, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा.

पावसाळ्यात मात्र हे सगळं उलटं. लावणीच्या चिखलात दिवस गेला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. चिखल्यांना तेल, जेली, मोजे काहीही नको. त्यांना कोरडं ठेवायचं, बेचके पुसायचे, आठवड्यात बरं वाटलं नाही तर बुरशीचं औषध विचारून आणायचं. टाच आणि बोटं एकाच पायाची, पण एकीला ओल हवी आणि दुसऱ्यांना नको. आणि टाचेला भेग उघडी असताना साचलेल्या पाण्यात उतरायचं असेल तर गमबूट घालाच. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच उघड्या कातडीतून शिरतात.

सगळं करून सहा आठवड्यांत फरक नसेल तर

आधी पाण्याची उष्णता आणि लावायची वेळ तपासा, बहुतेकींचं तिथेच अडतं. मग पायताण. तरीही नाही तर घरचे उपाय थांबवा आणि बेळगावला जिल्हा रुग्णालयात, बिम्समध्ये, चर्मरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना पायाला काही लावू नका, त्यांना कातडी जशी आहे तशी दिसली पाहिजे, आणि आधी वापरलेल्या ट्यूबचं रिकामं खोकं बरोबर न्या.

एक गोष्ट मात्र मी कुणाच्या पायाकडे न बघता सांगू शकते. बहुतेक बायकांचं हे दुखणं वेळ मिळाला की करू, यात अडकलेलं असतं. घरातल्या सगळ्यांची अंथरुणं पडली, भांडी झाली, उद्याची भाजी निवडली, की मग आपला पाय घेऊन बसायचं, आणि तोपर्यंत डोळे मिटायला लागतात. मीही तसंच करायचे. विरजणाशी जोडलं तेव्हा ते टिकलं, कारण विरजण कोणत्याही रात्री चुकत नाही. तुमच्याकडे दूध नसेल तर दुसरं काहीतरी रोजचं असेल, उद्याची डाळ भिजत घालणं, मुलांचा अभ्यास घेणं, फोनवर आईशी बोलणं. पाय बादलीत आणि हात कामात, तरी चालतं. मी मात्र ती दहा मिनिटं दिवा मंद करून नुसती बसते. पहिल्या आठवड्यात मुलगी येऊन विचारायची, "आई, बरं नाही का?" आता ती आपली पाटी-पुस्तकं घेऊन बादलीशेजारीच बसते.

मोजे रोज बदला आणि वेगळे भिजवा, सोडा घातलेल्या गरम पाण्यात. कोकमाचं तेल एकदा बाकीच्या कपड्यांना लागलं की त्याचे डाग दोन-तीन धुण्यांत निघत नाहीत.